नावेचं भाडं कोण भरतं?



या वेळची मंडळाची सहल मांडू आणि महेश्वर अशी होती. रूपमतीच्या मंडपात नेहमीसारखी गर्दी होती. हवा धूसर असल्यामुळे खाली निमाडाच्या मैदानात नर्मदेची रेघ कुणाला दिसली, कुणाला नुसतीच दिसल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी महेश्वरच्या घाटावरून नावेत बसून आम्ही काही जण पलीकडे नावडातोलीला गेलो. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५० च्या दशकात जिथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आणली, तेच हे गाव. नावाचा अर्थच नावाड्यांची वाडी.

उतरताना मी पैसे दिले आणि माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, खलघाटच्या पुलावरून चालत गेलं तर कुणी पैसे मागत नाही. मग नावेतून गेलं तर का मागतात? नदी तर एकच आहे."

मी बी.कॉम. आणि बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. तरी चटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. त्यातून जे निघालं ते सभासदांपुढे ठेवतो. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्याला परका नाही. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून आली, अमझेऱ्याची लढाई झाली, आणि पुढे धार-देवासला पवारांचं बस्तान बसलं. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्यानंतर केव्हा ना केव्हा ही नदी ओलांडूनच माळव्यात आले. तेव्हा पूल नव्हते. उन्हाळ्यात उतार आणि एरवी नाव, एवढीच सोय होती.

नावेचा हिशोब

एक नमुना हिशोब मांडू. आकडे मी मानलेले आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं. चाळीस माणसांची इंजिनाची नाव, किंमत १२ लाख, आयुष्य १२ वर्षं. पूर आणि दुरुस्तीचे दिवस वगळून वर्षाला ३०० दिवस, दिवसाला २० खेपा (जाणं एक, येणं एक अशा मोजून), म्हणजे वर्षाला ६,००० खेपा.

घसारा: १,००,००० रुपये
कर्जावरचं व्याज: ६०,००० रुपये
दोन माणसांचा पगार, दरमहा १२,००० प्रमाणे: २,८८,००० रुपये
दुरुस्ती, विमा, लाइफ जॅकेट वगैरे: ६२,००० रुपये
डिझेल, खेपेला ६५ प्रमाणे: ३,९०,००० रुपये
एकूण: ९,००,००० रुपये

म्हणजे एका खेपेचा खर्च १५० रुपये. आता गंमत बघा. नावेत सरासरी १५ माणसं बसली तर माणशी १० रुपये पडतात. ३० बसली तर ५ रुपये. आणि सहाच बसली तर २५ रुपये. नाव तीच, नावाडी तोच, डिझेल तेवढंच. माझ्या प्रवासाचा खर्च मी ठरवत नाही, माझ्या शेजारी किती जण बसलेत त्यावर तो ठरतो. आणि सातवा माणूस बसला म्हणून डिझेल वाढत नाही. खर्च येतो तो नाव घाटावर तयार ठेवण्याचा आणि वेळेवर सोडण्याचा.

समजा एका लहान गावाच्या घाटावर सरासरी सहाच माणसं मिळतात आणि भाडं १० रुपये आहे. वर्षाची वसुली ३,६०,००० आणि तूट ५,४०,०००. कुणी म्हणेल, भाडं २५ करा, हिशोब जुळेल. कागदावर जुळतो. प्रत्यक्षात सहातले दोघं जायचंच बंद करतात. उरलेल्या चौघांकडून ६,००,००० येतात, तीन लाखांची तूट राहतेच, आणि ज्या दोघांसाठी नाव हवी होती ते काठावर राहतात. ते दोघं बहुधा शाळेतली मुलगी आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी असतात. ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो वळसा घालून जातो.

आता हीच तूट दुसऱ्या बाजूनं बघू. ५,४०,००० ला वर्षाच्या ३६,००० उतारूंनी भागलं तर माणशी १५ रुपये होतात. नाव नसती तर पुलापर्यंत वळसा घालून बसला समजा ४० रुपये लागले असते. म्हणजे नावेमुळे माणशी ३० रुपये वाचले, सगळ्यांचे मिळून १०,८०,०००. सगळेच वळसा घालून गेले नसते, हे खरं. पण निम्मे गेले असते तरी तूट भरून निघते, आणि वाचलेला वेळ मी धरलेलाच नाही. नावेच्या वहीत तोटा आणि दोन्ही काठांच्या वहीत फायदा, असा हा व्यवहार आहे. फक्त दोन्ही काठांची वही कुणी ठेवत नाही.

हाटाचा दिवस

हे शहाणपण मला उशिरा आलं. १९८० च्या दशकात माझी नेमणूक निमाडातल्या एका नदीकाठच्या लहान शाखेत होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणं तेव्हा ढिगानं येत. म्हशी, शिलाई मशीन, बैलजोडी. एक दिवस एक केवट नावेला इंजिन बसवण्यासाठी अर्ज घेऊन आला. मी विचारलं, "दादा, रोज किती माणसं मिळतात?" तो म्हणाला, "साहेब, कधी पन्नास, कधी पाच. पण घाटावर मला रोजच बसावं लागतं."

मी पाच आणि पन्नास लिहून घेतलं. बसावं लागतं, हे लिहिलं नाही. अर्जात त्याला रकाना नव्हता. उत्पन्न अनियमित, असा शेरा मारून मी प्रकरण परत पाठवलं.

काही आठवड्यांनी हाटाच्या दिवशी मलाच पलीकडे वसुलीला जायचं होतं. त्याच्याच नावेत बसलो. वीस माणसांची नाव, आत पस्तीसच्या वर माणसं, चार शेळ्या आणि एक सायकल. पाणी काठापासून चार बोटं खाली. मी घाबरून म्हटलं, "दादा, एवढी माणसं कशाला घेता?" तो वल्हं न थांबवता म्हणाला, "साहेब, आठवडा या एका दिवसावर निघतो."

त्या दिवशी काही झालं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आठवड्यातले सहा दिवस तो तोट्यात गाव पलीकडे पोचवत होता आणि ती तूट सातव्या दिवशी नाव जास्त भरून वसूल करत होता. अनुदान तेव्हाही होतं. ते त्या दिवशी नावेत बसलेली माणसं आपल्या जिवावर देत होती, माझ्यासकट.

ठेका: सरकारनंच पैसे घ्यायचे

आपल्याकडची जुनी पद्धत तर याच्या उलट होती. शेजारच्या ब्रिटिश मध्य प्रांतात १८७८ चा उत्तर हिंदुस्थान फेरी कायदा लागू होता. त्यात सार्वजनिक घाटाच्या उतराईचा लिलाव करता येत असे. जो जास्त बोली देईल त्याला ठेका. घाटाच्या दोन मैलांच्या आत दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय नाव चालवायची नाही. कायद्यात चांगल्या गोष्टीही होत्या. दराचा फलक लोकांना वाचता येईल अशा भाषेत घाटावर लावणं ठेकेदाराला बंधनकारक होतं.

पण हिशोब बघा. ठेकेदार सरकारला जी रक्कम देतो ती उतारूंच्याच खिशातून यायची. भाड्याचा दर बांधलेला, शेजारी स्पर्धा नाही. मग रक्कम वसूल करायला दोनच वाटा उरतात, नावेची दुरुस्ती टाळायची किंवा माणसं जास्त भरायची. मोठ्या वाहत्या घाटावर ही पद्धत चालून जाते, कारण तिथे खरोखर नफा असतो. लहान घाटावर ती गरिबाच्या वाटेवर बसवलेला कर होते.

गोव्याचा मार्ग आणि दाभोळचा मार्ग

गोव्यात सरकारचं नदी परिवहन खातं फेरीबोटी चालवतं. दिवाडी बेटाला आजही पूल नाही. तिथला माणूस रायबंदर किंवा जुने गोवे गाठतो तो फेरीनंच. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, दुचाकीला नाही, चारचाकीकडून तेवढे पैसे घेतात. वसुली खर्चाच्या जवळपासही जात नाही. २०२३ च्या अखेरीस दुचाकींना भाडं लावण्याचा आणि चारचाकींचं वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दिवाडी आणि चोडणचे लोक उभे राहिले आणि सरकारला तो बाजूला ठेवावा लागला. त्यांचं म्हणणं साधं होतं: इतरांना दारापर्यंत रस्ता फुकट मिळतो, आमचा रस्ता पाण्यावरून जातो.

यात धोका आहे, तोही सांगायला हवा. जे फुकट आहे त्याची तक्रार कोण ऐकणार? बोट बंद पडली तर खात्याची वसुली बुडत नाही, उलट डिझेल वाचतं. त्यामुळे फुकट सेवा चालवायची तर ती वेळेवर सुटते की नाही हे बघणारं कुणीतरी बाहेरचं लागतं.

कोकणात दुसरा मार्ग दिसतो. २००३ मध्ये दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट एका खासगी कंपनीनं, सुवर्णदुर्ग शिपिंगनं, सुरू केली. वाशिष्ठीच्या खाडीमुळे दापोली आणि गुहागर समोरासमोर असून लांब होते. गाडी घेऊन जायचं तर चिपळूणचा वळसा. इथे गाडीवाल्याचं पेट्रोल आणि वेळ इतका वाचतो की तो खुशीनं भाडं देतो, आणि गाड्यांच्या भाड्यावर पायी माणूस स्वस्तात जातो. पुढे जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला अशा सेवा झाल्या आणि २०२४ मध्ये वसई-भाईंदरही सुरू झाली.

म्हणजे वळसा मोठा आणि गाड्या भरपूर असतील तर अनुदानाची गरज नाही. महेश्वरलाही लहान प्रमाणात हेच घडतं. नदीतल्या बाणेश्वराला फिरून येणारे पर्यटक जे पैसे देतात त्यावर घाटावरच्या नावा टिकून राहतात, आणि पलीकडच्या गावकऱ्यालाही नाव मिळते. पण ज्या घाटावर ना गाड्या ना पर्यटक, तिथे दाभोळचा मार्ग चालत नाही. सगळ्या घाटांना एकच औषध देता येत नाही.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर

नातीचा प्रश्न लंडनच्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला होता. शहराच्या पश्चिम भागातले टोल घेणारे पूल तिथल्या मंडळानं करदात्यांच्या पैशानं विकत घेऊन मोफत केले. पूर्वेकडे पूल नव्हते. तिथले लोक म्हणाले, कर आम्हीही भरतो, मग आम्हाला नदी फुकट का नाही? त्यातून १८८९ मध्ये वुलिचची मोफत फेरी सुरू झाली. ती आजही मोफत आहे.

म्हणून नातीला मी सांगितलं, पूल फुकट नसतो गं. पुलाचे पैसे तू जन्मायच्या आधीच सगळ्यांनी मिळून भरलेले असतात. नावेचे पैसे मात्र नावेत बसणाऱ्यालाच रोज भरावे लागतात. एवढाच फरक आहे, आणि तो न्यायाचा नाही.

याचीही दुसरी बाजू आहे. स्कॉटलंडनं २००८ मध्ये काही बेटांसाठी एक सूत्र लावून बघितलं: फेरीचं भाडं तेवढंच अंतर रस्त्यानं जायला जो खर्च येतो त्याच्या आसपास ठेवायचं. पुढे २०१५ पर्यंत ते पश्चिमेकडच्या सगळ्या बेटांना लागू झालं. सूत्र सुंदर आहे. पण भाडं उतरलं तशा पर्यटकांच्या गाड्या वाढल्या आणि उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला बोटीवर जागा मिळेना. अनुदान कुणासाठी आहे हे आधी ठरवलं नाही तर ते ज्याची गाडी मोठी त्याच्याकडे जातं.

मग पूलच का बांधू नये?

हा प्रश्न दर बैठकीत येतो. बांधावा, जिथे रहदारी आहे तिथे जरूर बांधावा. पूल रात्री बंद होत नाही आणि रुग्णवाहिका त्यावरून थेट जाते. पण हिशोब करा. समजा ५० कोटींचा पूल. सात टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला साडेतीन कोटी. तेवढ्यात वरच्या हिशोबातल्या ३८ नावा वर्षभर चालतात, तेही उतारूंकडून एक पैसा न घेता. रोज शंभर-सव्वाशे माणसं जाणाऱ्या घाटावर पूल येणार येणार म्हणत वीस वर्षं नावेकडे दुर्लक्ष करणं, हा सगळ्यांत महाग पर्याय आहे.

शिवाय पूल झाला म्हणून नाव निरुपयोगी होत नाही. पणजीचा मांडवी पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत मांडवीवरच्या रहदारीचा मोठा भार फेरीबोटींनीच उचलला. बोटी आणि खलाशी शिल्लक होते म्हणून ते जमलं. आपण विम्याचा हप्ता भरतो तेव्हा घराला आग लागली नाही म्हणून पैसे वाया गेले असं म्हणत नाही.

भाडं कुणीतरी भरतंच

आपल्या नर्मदेवर तर पाणीच बदललं आहे. सरदार सरोवर २०१९ मध्ये प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरलं. धार जिल्ह्यातलं चिखलदा, निसरपूर पाण्याखाली गेलं, चिखलद्याला बडवानीशी जोडणारा राजघाटचा जुना पूल बुडाला. नदीचा तलाव झाला की पाट रुंदावतो, जुने उतार नाहीसे होतात आणि काल पायवाट होती तिथे आज नाव लागते. अशा ठिकाणी नाव हा रस्त्याच्या जागी दिलेला रस्ता आहे.

याच जलाशयाच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात, २०२० च्या साथीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका एका मच्छीमाराची लहान नाव मागून घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जात होत्या. बाळांची वजनं आणि गरोदर बायांचा आहार चुकू नये म्हणून रोजचं जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. माझ्यातला बँकवाला मात्र विचार करत राहिला की त्या महिन्यांत नावेचा खर्च कुणी उचलला? त्यांच्या खांद्यांनी उचलला.

आणि २१ मे २०२४ चा दिवस आठवा. उजनी जलाशयात करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. रस्त्यानं वळसा फार मोठा म्हणून लोक वर्षानुवर्षं तिथून नावेनं जात होते. वारा कुणाच्या हातात नसतो. पण हवामान खराब असताना नाव बांधून ठेवायची, तर त्या दिवसाची मजुरी नावाड्याला कुणीतरी द्यायला हवी. जो खेपेवर पोट भरतो त्याला थांबायला सांगणं सोपं असतं, थांबणं सोपं नसतं.

चांगलं अनुदान कसं असावं

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली, लिलाव उलटा करावा. जास्त पैसे कोण देतो हे विचारण्याऐवजी, ठरलेल्या वेळा, ठरलेलं भाडं, ठरलेली माणसं आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, एवढं पाळून सर्वांत कमी अनुदान कोण मागतो, हे विचारावं.

दुसरी, पैसे तुटीवर देऊ नयेत, सुटलेल्या खेपेवर द्यावेत. तुटीवर दिले की तूट वाढते, हे मी कर्जमाफीच्या प्रकरणांत पुष्कळ पाहिलं आहे. आणि वाऱ्यापुरामुळे अधिकाऱ्यानं बंद ठेवायला सांगितलेल्या दिवसाचे पैसेही द्यावेत. तेच पैसे जीव वाचवतील.

तिसरी, पायी माणूस, विद्यार्थी आणि रुग्ण यांना मोफत किंवा नाममात्र, चारचाकी आणि पर्यटक यांना पूर्ण भाडं.

चौथी, खर्चच कमी करावा. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडव या मार्गावर २०१७ पासून आदित्य नावाची ७५ प्रवाशांची सौर बोट चालते. बोट महाग पडते, पण डिझेलचा रोजचा खर्च जवळजवळ संपतो. ऊन्ह तर आपल्याकडेही काही कमी नाही. आमच्या नमुना हिशोबातले ३,९०,००० डिझेलचेच आहेत, हे लक्षात घ्या.

रामानं गंगा ओलांडली तेव्हा केवटानं उतराई घेतली नाही, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि सुखावतो. पण ती एक खेप होती. रोज वीस खेपा करणाऱ्या केवटाला उतराई लागते, आणि ती नावेतल्या सहा जणांनीच द्यायची की दोन्ही काठांनी मिळून, एवढाच प्रश्न आहे.

त्या केवटाचं इंजिनाचं प्रकरण मी पुढच्या वर्षी स्वतः पुन्हा मागवलं आणि मंजूर केलं. हप्ते तो वेळेवर भरत असे, हाटाच्या दुसऱ्या दिवशी. त्या पैशांत माझ्यासारख्यांनी दिलेला वाटा किती होता, हे मात्र कुठल्याच खातेवहीत लिहिलेलं नाही.

सभासदांपैकी ज्यांच्या घरी नर्मदा ओलांडण्याच्या जुन्या आठवणी असतील, पूल होण्याआधी लग्नाची वऱ्हाडं नावेतून गेली असतील, त्यांनी त्या मंडळाकडे जरूर लिहून पाठवाव्यात. तेव्हा भाडं किती होतं आणि ते कोण देत असे, हेही आठवलं तर लिहा.